वर्गातला पडदा : कुठे उपयोगाचा, कुठे अपुरा

१० मार्च २०२० पासून कतारमधील शाळा आणि विद्यापीठे बंद करण्यात आली. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्यामुळे दोहातील हजारो भारतीय मुलांनी त्या वर्षी नव्या इयत्तेत पाऊल ठेवले ते घरातल्या जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपसमोर बसून. नव्या वर्गशिक्षिकेचा चेहरा त्यांना प्रथम दिसला तो पडद्यावरच्या एका लहानशा चौकोनात. त्या काही महिन्यांत पालकांना दोन गोष्टी एकाच वेळी दिसल्या. तंत्रज्ञान हाताशी नसते, तर शिक्षण पुरते थांबले असते. आणि तंत्रज्ञान असूनही, आपले मूल नेमके काय शिकले हे कुणालाच नीट सांगता येत नव्हते.

शाळा पुन्हा भरल्या, पण पडदा वर्गातून गेला नाही. खडू-फळ्याच्या जागी स्पर्शाने चालणारे डिजिटल फलक आले, गृहपाठ ऑनलाइन येऊ लागला, शाळेच्या सूचना पालकांच्या मोबाइलवर येऊन पडू लागल्या. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. कतारमध्ये सात लाखांहून अधिक भारतीय राहतात आणि येथील बहुतेक भारतीय शाळा सीबीएसईशी संलग्न आहेत. शाळा निवडताना अनेक पालकांचा एक ठरलेला प्रश्न असतो : वर्ग 'स्मार्ट' आहेत का? प्रश्न गैर नाही. पण तो अर्धा आहे. वर्गातले यंत्र कोणते काम करते आणि त्यासाठी ते कुणाचा वेळ घेते, हा त्याचा उरलेला अर्धा भाग. जगभरात गेल्या पंचवीस वर्षांत झालेले प्रयोग पाहिले, तर निकाल या उरलेल्या अर्ध्या भागावरच ठरल्याचे दिसते.

एक शब्द, तीन कामे

'वर्गातील तंत्रज्ञान' या एका शब्दाखाली तीन निरनिराळी कामे दडलेली असतात. पहिले काम दाखवण्याचे. हृदयाच्या झडपा कशा उघडतात, ग्रहण कसे लागते, हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा चलचित्रातून अधिक स्पष्ट होते. दुसरे काम सरावाचे. मूल गणित सोडवते, संगणक उत्तर तपासतो आणि त्यानुसार पुढचे गणित सोपे किंवा अवघड देतो. तिसरे काम व्यवस्थापनाचे : हजेरी, गुणपत्रिका, सूचना, गृहपाठाची नोंद.

या तिन्ही कामांचे फायदे वेगळे आणि मर्यादाही वेगळ्या. तिसऱ्या कामाने शिक्षकाचा वेळ वाचतो, परंतु तो वाचलेला वेळ मुलांकडे वळला तरच त्याचा शिक्षणाशी संबंध जुळतो. पहिल्या कामात यंत्र शिक्षकाच्या हातातील साधन राहते. साधन महागडेच असावे लागते असेही नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुस्तक तेच राहिले. मोबाइल त्यावर धरला की कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले, आणि २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. येथे कोड हे तंत्र होते. पण कोणत्या पाठामागे कोणती ध्वनिफीत ठेवायची, हा निर्णय वर्गातली मुले ओळखणाऱ्या शिक्षकाचा होता.

काही मुलांच्या बाबतीत तर यंत्र ही सोय उरत नाही, ती गरजच होते. दृष्टी अधू असलेल्या मुलासाठी अक्षर मोठे करणारा किंवा मजकूर वाचून दाखवणारा संगणक, बोलण्यात अडथळा असलेल्या मुलासाठी चित्रांवर बोट ठेवताच शब्द उच्चारणारे उपकरण, यांच्याविना वर्गाचे दार त्यांच्यासाठी अर्धेच उघडते. कतारमध्ये अशा साहाय्यक तंत्रज्ञानासाठी २०१० पासून 'मदा' हे केंद्र काम करीत आहे. तंत्रज्ञानाच्या बाजूने मांडता येणारा हा कदाचित सर्वांत निर्विवाद मुद्दा ठरावा.

एका वर्गात अनेक इयत्ता

खरा वाद दुसऱ्या कामाविषयी, म्हणजे सरावाविषयी आहे. दोहातील भारतीय शाळेचा एखादा वर्ग नजरेसमोर आणावा. एक मूल केरळमधून आलेले, एक पुण्याहून, एक येथेच जन्मलेले. कुणी राज्य मंडळाच्या शाळेतून सीबीएसईत आलेले, कुणी वडिलांची नोकरी बदलल्यामुळे वर्षाच्या मध्येच दाखल झालेले. सगळ्यांच्या हाती पुस्तक सातवीचे. पण अपूर्णांक कुणाला पाचवीइतकाच येतो, तर कुणी आठवीचे बीजगणितही सहज सोडवतो. शिक्षिकेला चाळीस मिनिटांत सर्वांना एकच पाठ शिकवायचा असतो. मागे पडलेल्या मुलाला तो कळत नाही आणि पुढे गेलेल्याला कंटाळा येतो.

ही दरी किती खोल असू शकते, हे दिल्लीतील एका अभ्यासाने दाखवले. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहान्द्रो गनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी 'माइंडस्पार्क' या संगणकीय सराव कार्यक्रमाची तेथे चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीत उतरलेला सहावीचा सरासरी विद्यार्थी गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होता, आणि नववीपर्यंत हे अंतर आणखी वाढत होते. संगणक आधी प्रत्येक मुलाची खरी पातळी शोधी आणि तेथूनच सराव सुरू करी. साडेचार महिन्यांनंतर सोडतीतून प्रवेश मिळालेल्या मुलांची गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत इतरांपेक्षा ठळक प्रगती झाली.

हा निष्कर्ष उत्साह वाढवणारा आहे. पण त्यातील दोन तपशील सहसा सांगितले जात नाहीत. ही केंद्रे शाळेच्या वेळेनंतर चालत, म्हणजे संगणकाने शिक्षकाचा तास घेतला नव्हता. शिवाय दीड तासाच्या सत्रातील निम्मा वेळ संगणकाचा होता आणि उरलेल्या निम्म्या वेळात एक माणूस लहान गटाला शिकवत असे. यशाचे किती श्रेय यंत्राचे आणि किती त्या माणसाचे, हे वेगळे काढणे सोपे नाही.

बडोद्याचे संगणक आणि बालसखी

या प्रश्नाचे अधिक बोलके उत्तर थोडे मागे गेल्यावर सापडते. २००० साली गुजरात सरकारने बडोदा महापालिकेच्या शंभर शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी 'प्रथम' या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने पाहणी केली, तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वापरात असलेले संगणक फारच थोडे आढळले. यंत्र पोहोचले होते. त्याला काम नेमून दिले गेले नव्हते.

मग चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ निवडण्यात आले. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुले, सोबत एक प्रशिक्षित मार्गदर्शक. अभिजीत बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि लेह लिंडन यांनी या उपक्रमाचे मोजमाप केले. गणितातील प्रगती लक्षणीय होती. मात्र उपक्रम थांबल्यावर वर्षभराने पुन्हा मोजले असता तिचा बराचसा भाग ओसरला होता.

त्याच संशोधनात आणखी एक उपक्रम मोजला गेला, मुंबईत आणि बडोद्यात. त्याचे नाव 'बालसखी'. वस्तीतलीच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली एखादी तरुणी शाळेत येई, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवी आणि त्यांना जे येत नाही तेथून शिकवी. यंत्र नाही, वीज नाही. या मुलांचीही चांगली प्रगती झाली. संगणकाच्या उपक्रमाचा खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे पंधरा डॉलर होता. बालसखीचा सव्वादोन डॉलर. खर्चाच्या तुलनेत बालसखीचा पर्याय कितीतरी सरस ठरला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

दोन्ही उपक्रम शेजारी ठेवले की एक समान धागा दिसतो. दोन्हींत मूल जेथे आहे तेथून शिकवणे सुरू झाले. संगणक हे ते साधण्याचे एक माध्यम होते, बालसखी दुसरे. यश माध्यमात नव्हते. मुलाची पातळी ओळखून त्याला स्वतःच्या गतीने सराव देण्यात होते. उलट, ही ओळखच नसेल तर यंत्रांची संख्या वाढवून काही साधत नाही. पेरू देशाने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेखाली लाखो लॅपटॉप वाटले. तेथील ग्रामीण शाळांच्या २०१२ मधील मूल्यमापनात गणित आणि भाषेतील प्रगतीवर त्याचा परिणाम आढळला नाही. मुले संगणक हाताळू लागली होती. वाचन आणि आकडेमोड होती तेथेच राहिली.

दोहात झालेला गौरव

या कहाणीचा दोहाशी थेट संबंध आहे, आणि मराठी माणसाशीही. कतार फाउंडेशनने २००९ मध्ये 'वाइज' ही शिक्षणातील नवोपक्रमांची जागतिक परिषद सुरू केली. या परिषदेने नोव्हेंबर २०१२ मध्ये आपला शिक्षण पुरस्कार, सुवर्णपदक आणि पाच लाख डॉलर, दोहात दिला तो 'प्रथम'चे सहसंस्थापक माधव चव्हाण यांना. लाल निशाण पक्षाचे नेते यशवंत चव्हाण यांचे ते चिरंजीव. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले, मुंबईत अध्यापन केले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात फरीदा लांबे यांच्यासह वस्त्यांमधील मुलांच्या शिक्षणाकडे वळले. 'नवोपक्रम' हा शब्द उच्चारताच जेथे चकाकती उपकरणे डोळ्यांसमोर येतात, त्या व्यासपीठावर गौरव झाला तो मुख्यतः चटईवर बसवलेल्या मुलांच्या गटांचा, अक्षरतक्त्यांचा आणि एका साध्या चाचणीचा : हे मूल परिच्छेद वाचू शकते का, वाक्य वाचू शकते का, की अक्षरापाशीच अडते?

दोहातूनच निघालेले दुसरे उदाहरण कोविडच्या काळातले. 'एज्युकेशन अबव्ह ऑल' या कतारमधील संस्थेने २०२० मध्ये इंटरनेटविना चालणाऱ्या पाठांचा एक मोठा संग्रह तयार केला. घरातल्या वस्तू वापरून करायचे प्रकल्प, साध्या फोनवरून किंवा छापील कागदावरून देता येतील अशा सूचना. इंटरनेटची ददात नसलेल्या शहरातील संस्थेने जगातील बहुसंख्य मुलांची स्थिती ओळखून उलट्या टोकाने विचार केला, ही बाब बोलकी आहे.

महाराष्ट्रासह भारताच्या ग्रामीण भागात आता यंत्राची वानवा फारशी उरलेली नाही. 'प्रथम'च्या 'असर' पाहणीनुसार २०२४ मध्ये चौदा ते सोळा वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला, तर सुमारे ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. त्याच पाहणीत पाचवीतील जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता.

जेथे पडदा कमी पडतो

पहिली मर्यादा लक्षाची. २०२२ च्या 'पिसा' चाचणीत, जिच्यात कतारही सहभागी होता, विकसित देशांतील सरासरी ५९ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले की गणिताच्या निदान काही तासांत इतरांच्या उपकरणांमुळे आपले लक्ष विचलित होते. अशा विद्यार्थ्यांचे गणितातील गुण घरची आर्थिक-सामाजिक स्थिती हिशेबात घेऊनही सुमारे १५ ने कमी होते. मात्र, दिवसातून तासाभरापर्यंत अभ्यासासाठी उपकरण वापरणाऱ्यांचे गुण ते अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा अधिक होते. हे आकडे कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत; प्रमाण आणि हेतू यांकडे मात्र ते बोट दाखवतात.

दुसरी मर्यादा वाचनाची. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणात, माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर अधिक चांगला समजतो असे दिसले. वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो. कथेच्या बाबतीत मात्र तो आढळला नाही. म्हणजे गोष्ट टॅबवर वाचायला हरकत नाही, पण विज्ञानाचा धडा समजून घ्यायचा असेल तर छापील पुस्तकच बरे.

तिसरी मर्यादा नवी आहे. तुर्कस्तानातील सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात काही मुलांना गणिताच्या सरावासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा साधा संवादक देण्यात आला. सरावात त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. पण मदत काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना ती मदत कधी मिळालीच नव्हती त्यांच्यापेक्षा ही मुले १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त पुढची पायरी सुचवणारी, शिक्षकांच्या सल्ल्याने बांधलेली आवृत्ती ज्यांना दिली होती, त्यांचे असे नुकसान जवळजवळ झाले नाही. शेजारच्याच्या वहीतून उतरवलेले गणित आणि स्वतः अडखळत सोडवलेले गणित, यांतला जुनाच फरक येथे नव्या रूपात समोर आला. येथील मुलांच्या दृष्टीने हा फरक व्यवहाराचाही आहे. सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत आजही तीन तास हाताने उत्तरपत्रिका लिहावी लागते. वर्षानुवर्षे टॅबवर बोट फिरवलेल्या हाताला तो वेग ऐनवेळी येत नाही.

चौथी मर्यादा शरीराची, आणि ती आखाती हवामानात अधिक जाणवते. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेत रोज चाळीस मिनिटे जादा मैदानावर घालवणाऱ्या मुलांत तीन वर्षांनंतर ऱ्हस्वदृष्टीचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. इतर मुलांत ते सुमारे ४० टक्के होते. कतारमध्ये उन्हाळ्याच्या महिन्यांत दुपारी बाहेर पडणेच शक्य नसते. मूल शाळेच्या बसमधून वातानुकूलित वर्गात आणि तेथून वातानुकूलित घरात येते. अशा ठिकाणी वर्गातला पडदा घरच्या पडद्यात मिळवूनच मोजला पाहिजे, आणि नोव्हेंबर ते मार्च हे बाहेर खेळण्याचे महिने वाया जाऊ देता कामा नयेत.

पाचवी मर्यादा डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक शैक्षणिक ॲप मुलाविषयी काही ना काही साठवते : चुका, वेळा, आवाज, छायाचित्र. कतारच्या २०१६ च्या तेराव्या क्रमांकाच्या कायद्याने मुलांच्या माहितीला विशेष संरक्षण दिले आहे. भारताच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. परंतु 'मान्य आहे' या खुणेवर न वाचता बोट ठेवले, तर कायद्याचे संरक्षण कागदावरच राहते.

पालकांनी विचारायचे प्रश्न

कतारमधील बहुसंख्य मराठी पालक अभियांत्रिकी, तेल-वायू, बँकिंग, आरोग्यसेवा किंवा माहिती तंत्रज्ञान अशा क्षेत्रांत आहेत. नवे उपकरण घेताना त्याचा हिशेब मागण्याची त्यांना कार्यालयात सवय असते. तीच सवय पालकसभेतही उपयोगी पडेल. वर्गात किती पडदे आहेत, याऐवजी पुढील गोष्टी विचाराव्यात. सरावाचा कार्यक्रम माझ्या मुलाची पातळी शोधतो का, आणि ती माहिती शिक्षक पाहतात का? तो कार्यक्रम शिकवण्याच्या तासात चालतो की त्याशिवाय? आठवड्यातून किती पाने मुले हाताने लिहितात? गृहपाठात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर कुठवर चालेल, याचा नियम मुलांना सांगितला आहे का? ॲपमधील माहिती शाळा सोडल्यावर पुसली जाते का? शेवटचा प्रश्न परदेशस्थ कुटुंबांसाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण नोकरीचा करार संपला की शाळा सुटते आणि देशही.

या प्रश्नांची नीट उत्तरे देणारी शाळा साधी दिसली तरी चांगली म्हणावी, आणि देऊ न शकणारी शाळा कितीही चकाकली तरी सावध राहावे.

हाच हिशेब घरातही लागू पडतो. दोहातील मराठी मुलाच्या दप्तरात इंग्रजी असते, अरबी असते, बहुधा हिंदीही असते. मराठी क्वचितच असते. ती भरून काढण्यासाठी अनेक घरांत ॲप शोधले जाते. पण हिंदी शिकणाऱ्या मुलाला देवनागरी आधीच येत असते. 'ळ' सारखे एखादे अक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या काही खुब्या सोडल्या, तर मराठी पान वाचण्यासाठी त्याला नवी लिपी शिकावी लागत नाही. उणीव असते ती त्याचे वाचन ऐकून घेणाऱ्या माणसाची. शुक्रवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर साताऱ्याच्या आजीसमोर मूल रोज नव्हे, आठवड्यातून एकदा जरी एक पान मोठ्याने वाचू लागले, तरी त्या घरातला पडदा योग्य कामाला लागला असे समजावे. मुलाला कुठे अडते ते आजीला लगेच कळते, आणि ती तेथूनच पुढे सांगू लागते.